गिटारीची सैल खुंटी

मार्च अर्धा सरला की आमच्या सिंदी मेघे गावात दोन वास एकदम सुटतात. एक कूलरमध्ये नवं गवत भरून पहिल्यांदा पाणी सोडलं की येतो तो, आणि दुसरा ओल्या रंगाचा. आमच्या वस्तीत दिवाळीला घर रंगवलं नाही तरी कुणी विचारत नाही, पण जयंतीच्या आधी भिंतींना रंग लागलाच पाहिजे. चौदा एप्रिलला भिंत मळकी दिसली तर आलेल्या बाया सरबत पितात, इकडंतिकडं पाहतात, बोलत काही नाहीत, आणि ते न बोलणं आपल्याला वर्षभर पुरतं. म्हणून मार्चच्या अखेरीस गल्लीत घरोघरी शिड्या उभ्या राहतात आणि सगळ्यांची भांडीकुंडी अंगणात येऊन पडतात.

यंदाही रंगारी आला. इतकी वर्षं बाबांनी मधल्या खोलीला रंग लावू दिला नव्हता, यंदा हो म्हणाले. आईबाबांच्या मधल्या खोलीतल्या भिंतीवरून त्यानं हात फिरवला आणि मला म्हणाला, "काऊन वो ताई, एवढी भोकं कायची? दोऱ्या बांधत होते काय इथं?"

"बुजवून टाका दादा," मी म्हटलं. बाबा दारातच उभे होते. ते वळले आणि अंगणातल्या भांड्यांपाशी जाऊन बसले. मला त्या रंगाऱ्याचा राग आला. बिचाऱ्याचा काय दोष? पण माझा राग असाच आहे, वड्याचं तेल वांग्यावर काढतो.

ती भोकं माझ्या धाकट्या भावामुळे पडली. सुमेध त्याचं नाव. तो गेला त्याला आता काही वर्षं झाली. लोक म्हणतात काळ हे औषध आहे. असेल. आमच्या घरी ते अजून लागू पडलेलं नाही. वर्षभर आम्ही तिघं बरे असतो, जेवतो, भांडतो, लग्नाकार्यांना जातो, आणि कूलरचं गवत भिजलं की पुन्हा त्या एका उन्हाळ्यात जाऊन पडतो.

सुमेध पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. तिथल्या कुठल्याशा मित्रानं परदेशी जाताना त्याला आपला टीव्हीवरचा खेळ देऊन टाकला होता. त्या खेळाबरोबर दोन गिटारी होत्या. गिटारी कसल्या, प्लास्टिकच्या. तार एकही नाही. मानेवर पाच रंगांची पाच बटणं, हिरवं, लाल, पिवळं, निळं आणि शेवटी नारिंगी, आणि पोटावर वाजवायला एक पट्टी. टीव्हीवर गाणं लागतं, वरून रंगीत ठिपके घरंगळत येतात, ज्या रंगाचा ठिपका त्या रंगाचं बटण दाबून पट्टी हलवायची. चुकलं की गाणं खरखरतं. पहिल्या सुट्टीत त्यानं त्या घरी आणल्या तेव्हा आईनं एक उचलून पाहिली, हलवली, आणि म्हणाली, "हे त भातुकलीचं हाय. एवढा शिकलेला पोट्टा, अन् हे काय आणलं?" पण संध्याकाळी तीच टीव्हीसमोर बसून त्याचं वाजवणं बघायची. त्याची बोटं इतकी भराभर चालायची की ठिपके खाली यायच्या आधी त्याला कळलेले असायचे. मी शाळेत मास्तरीण, बोटांना खडूची सवय. मी त्याच्याकडून प्रत्येक वेळी हरले, आणि प्रत्येक वेळी तो इतका निर्लज्जपणे नाचायचा की शेजारचे डोकावायचे.

आजार पहिल्यांदा त्या खेळातच दिसला. नारिंगी बटण करंगळीनं दाबायचं असतं. एका दिवाळीत त्याचा नारिंगी ठिपका सुटायला लागला. एकदा, पुन्हा एकदा, मग दर वेळी. "बटण खराब झालं वाटते," असं म्हणून त्यानं दुसरी गिटार घेतली. तिच्यावरही नारिंगी सुटला. तेव्हा तो थोडा वेळ आपल्या डाव्या हाताकडे बघत बसला होता. आम्ही हसत होतो. आम्हाला काय माहीत!

पुढचं सगळं दवाखान्यांचं आहे, ते मी सांगत नाही. नसांचा आजार होता. स्नायूंपर्यंत हुकूमच पोचत नाही आणि ते एकेक करून वाळत जातात. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं खोटं काही सांगितलं नाही. फार तर वर्ष, दीड वर्ष, म्हणाला, आणि शेवटपर्यंत डोकं साफ राहील. ही शेवटची गोष्ट त्यानं दिलासा म्हणून सांगितली की कसं, ते मला आजही समजलेलं नाही.

फेब्रुवारीत सुमेध नोकरी सोडून घरी आला. बरोबर दोन बॅगा आणि त्या दोन गिटारी. तोवर दोन्ही खांदे जड झाले होते, पाय मात्र चालत होते. मधली खोली त्याला दिली, कारण कूलर तिथंच. माझं सासर दोन गल्ल्या सोडून आहे. शाळा सुटली की मी दहावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन तिथंच जाऊन बसायची. मी लाल पेन चालवायची, तो पलंगावर बसून खेळायचा. आता त्यानं खेळ अगदी सोपा करून ठेवला होता, लहान पोरांसाठी असतो तसा, तीनच बटणांचा. एक दिवस मला म्हणाला, "ताई, ये. एक डाव." आणि मी जिंकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यानं शिट्टी वाजवली, "क्या बात है" म्हणाला. मी तोंड धुवायच्या निमित्तानं मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

गिटारी ठेवायच्या कुठं हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात आला. उभी ठेवली की घसरते, पलंगावर ठेवली की तो कुशीवर वळताना खाली पडते, आणि एकदा खाली पडली की वाकून उचलणं त्याला जमत नव्हतं. मग हाक मारावी लागायची. ही हाक त्याला नको होती. पाणी मागायला, बनियन चढवायला, पंखा कमी करायला, सगळ्यालाच हाक मारावी लागत होती. एकदा तो मला अगदी साध्या आवाजात म्हणाला, "ताई, एक चीज अशी राहू दे का जे मी कोनाले न मांगता घेईन." त्यानं ती चीज म्हणून आपली गिटार निवडली; दुसरी, मी वाजवायची ती, कपाटावर गेली. आम्ही मान्य केलं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दुसरा कुठलाही हट्ट शिल्लक नव्हता.

खुंट्या करण्याचं काम बाबांनी अंगावर घेतलं. माझे बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. हाताचं काम म्हणाल तर उजेडच. त्यांनी लावलेला खिळा कधी सरळ गेल्याचं कुणी पाहिलेलं नाही. अशा भिंतीवरच्या खुंट्या तयार मिळतात, सुमेधनं मोबाइलवर दाखवल्यासुद्धा. बाबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "याच्यात काय हाय? दोन शिंगं त हायेत. मी करतो घरीच." पैशाचा प्रश्न नव्हता. त्यांना करायला काहीतरी हवं होतं. आई त्याला भरवायची, मी औषधं बघायची, आणि बाबा दिवसभर दारातून आत नि आतून दारात अशा येरझारा घालायचे.

पहिली खुंटी म्हणजे एक मोठा खिळा आणि गिटार गळ्यात अडकवायच्या पट्ट्याला सुतळीचा फास. शाळेत पोरांची दप्तरं टांगतात तसली. कूलर सुरू झाला की गिटार वाऱ्यानं डोलायची आणि भिंतीवर ठकठक आपटायची. दुसरी जरा बरी होती. मोडक्या खुर्चीच्या पायाचे दोन तुकडे फळीवर ठोकून मध्ये मानेपुरती फट, आणि प्लास्टिकला चरे पडू नयेत म्हणून त्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. पंक्चरवाल्यानं ती ट्यूब अशीच देऊन टाकली. खुंटी दिसायला झकास झाली. बाबा दोन पावलं मागं जाऊन तिच्याकडे बघत राहिले. मग सुमेध उठला, गिटारीला हात घातला, आणि ती निघेना. रबरानं प्लास्टिक धरून ठेवलं होतं. आपण एका झटक्यात काढली असती. त्यानं दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, कपाळावर घाम आला, आणि मग हात खाली सोडून तो भिंतीकडेच बघत उभा राहिला.

"अरे, रबर काढतो ना मी," बाबा म्हणाले, आणि तिथल्या तिथं ब्लेडनं ट्यूब कापायला लागले. आईनं आपल्या जुन्या सुती लुगड्याची चिंधी आणून दिली. चिंधी गुंडाळली तर गिटार हात लावताच निघायची, पण दार आपटलं तरी पडायची. मग सगळा उन्हाळा आमच्या घरात हा एकच उद्योग. घट्ट केली तर त्याला निघत नाही, सैल केली तर पडते. आज जेवढी सैल पुरली तेवढी दहा-बारा दिवसांनी पुरायची नाही, कारण तेवढ्यात बोटांतला जोर आणखी गेलेला असायचा. दुपारी सगळे पडलेले असताना धाडकन आवाज यायचा. आई अंथरुणातूनच विचारायची, "गिटार का सुमेध?" आम्ही सांगायचो, "गिटार." मग ती पुन्हा डोळे मिटायची.

सैल करणं एक आणि खाली आणणं दुसरं. आधी खुंटी त्याच्या डोक्याएवढी उंच होती. मार्चअखेर हात डोक्यापर्यंत जाईना. एका दुपारी तो झोपला असताना बाबांनी आवाज न करता खुंटी काढली आणि छातीच्या उंचीवर लावली. उठल्यावर त्याच्या लगेच लक्षात आलं.

"हे खाली काऊन आणली?"

बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "तिथं भिंतीले ओल येऊन राह्यली."

बाहेर पत्रा तापून कडकड वाजत होता. विहिरी तळाला गेल्या होत्या. सुमेध बाबांकडे बघत राहिला आणि मग इतका हसला, इतका हसला की त्याला ठसका लागला. "बाबा, या उन्हात ओल? जिंदगीभर पोरांले खरं बोला म्हणून शिकवलं, अन् आता असं?" बाबाही हसले. मग सुमेध म्हणाला, "खाली आणा, पण मले सांगून आणत जा. मी काई भिंत नाई." त्यानंतर बाबांनी त्याला कधी फसवलं नाही. दर वेळी विचारायचे, "आणू का बापू?" आणि तो एक दिवस थांबून सांगायचा, "आणा."

नुसती खुंटीच नाही, सगळं घरच खाली उतरत होतं. टॉवेलाची दोरी, आरसा, साबणाची वडी, पाण्याचा माठ. कुणी ठरवलं नव्हतं, आई एकेक वस्तू मुकाट्यानं खाली आणत होती. शेजारच्या कुसुमबाई एकदा विरजण मागायला आल्या, घरभर नजर फिरवून म्हणाल्या, "लेकरू झालं का लोकाईचं घर वर चढते वो माय. तुमचं त खाली येऊन राह्यलं." बोलून गेल्या आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. विरजण न घेताच परतल्या. संध्याकाळी आईनं वाटी घेऊन मलाच त्यांच्याकडे पाठवलं.

त्या वर्षीही जयंतीच्या आधी घर रंगवलं. मला वाटलं होतं बाबा नको म्हणतील. ते म्हणाले, "जयंती काई आपल्यासाठी थांबत नाई." जुनी भोकं बुजली, भिंत कोरी निळसर झाली, आणि रंग वाळला न वाळला तोच बाबांनी कमरेच्या उंचीवर नवी खुंटी ठोकली. ही प्लास्टिकच्या पाण्याच्या पाइपाची होती. पवनारला मामाची वांगी-टमाट्याची वाडी आहे, तिथून तुकडा आणला, उभा चिरला, आणि गॅसवर धरून मऊ झाल्यावर हातानंच फाकवला. बोटं भाजून घेतली. आईनं कणीक लावली आणि वर चार शब्द सुनावले.

चौदा तारखेला घर पाहुण्यांनी भरलं. निळे झेंडे, गल्लीच्या तोंडाशी डीजे, विहारात वंदना. लहानपणापासून आम्ही तिथं ऐकत आलो की दुःख आहे, दुःखाला कारण आहे. वाक्यं पाठ होती. त्या दिवशी ती म्हणताना मला चीड आली. कारण कळून काय करायचं? कारण तर डॉक्टरनं कागदावर चित्र काढून दाखवलं होतं.

पवनारचे मामा दुपारी आले. सुमेध खुर्चीत होता, आता फार वेळ उभं राहवत नव्हतं; मिरवणुकीचा आवाज ऐकून त्याला हुरूप आला, तो भिंतीकडे सरकायला लागला. मामा साधा, मायाळू माणूस. त्यांनी पाहिलं की पोराला गिटार पाहिजे, उठले, आणि एका हातानं ती उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. "हे घे बापू."

सुमेधचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. "मामा, ठेवा ते जागेवर," तो म्हणाला. मामा गोंधळले. "काऊन? तुलेच त पायजे होती ना?"

"ठेवा म्हणलं ना जागेवर!"

मामांनी ठेवली. मग सुमेधनं पायांनी खुर्ची भिंतीपर्यंत रेटली. एक हात दुसऱ्या हातानं उचलून पाइपाच्या खाली नेला. बोटं मुडपून मनगटाचा आधार दिला, खांदा भिंतीला टेकवला, आणि गिटारीची मान फटीतून वर लोटायला लागला. ती थोडी वर जायची आणि पुन्हा बसायची. सगळे पाहुणे बघत होते. चहा निवला, वर साय धरली, पण कुणी कप उचलला नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे द्या कुणीतरी काढून, हे बघवत नाही. आई पदराचं टोक दातात धरून उभी होती. शेवटी मान फटीतून सुटली आणि गिटार घसरत त्याच्या मांडीवर आली. तो धापा टाकत होता. मामांकडे बघून म्हणाला, "आता पाहा मामा. अशी घ्या लागते." मामा उठून त्याच्याजवळ गेले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसेच रडत उभे राहिले. बाहेर मिरवणूक आमच्या दारावरून जात होती.

ती शेवटची वेळ नव्हती, पण तशा वेळा फार उरल्या नव्हत्या. मे महिन्यात पायही गेले. तो पलंगाला लागला. बाबांनी पलंगाच्या कडेला अगदी गादीच्या उंचीवर उतरती खुंटी लावली, नुसतं ढकललं की गिटार आपोआप अंगावर यावी अशी. ही त्यांची सगळ्यात हुशारीची खुंटी. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट तेवढं अजून हलत होतं. त्यानं तो गिटारीची कड ढकलायचा, गिटार छातीवर यायची, आणि टीव्ही बंदच असायचा. तो हिरवं बटण दाबायचा. टक. थांबून पुन्हा टक. मी पलीकडे उत्तरपत्रिका तपासत असायची आणि तो आवाज आला की मला वाटायचं, आहे, अजून आहे.

मग ते बोटही थांबलं.

हे आम्हाला लगेच कळलं नाही. दोन दिवस टक झालं नाही, इतकंच. बाबांनी खुंटी आणखी सैल केली. चिंधी काढली, कड कानशीनं घासली, तेल लावलं. आता ती नुसत्या वाऱ्यानं खाली यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी ते पलंगापाशी गुडघ्यावर बसून पुन्हा घासत होते, तेव्हा सुमेध काहीतरी म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती, शब्द चिकटून यायचे, आम्हालाच तेवढे समजायचे.

"वर," तो म्हणाला.

बाबांना वाटलं उशी वर करायची आहे. त्यांनी केली. त्यानं डोळ्यांनी नाही म्हटलं.

"गिटार… वर लावा बाबा. इथून दिसत नाई. पाहाले पायजे."

बाबा कानस हातात घेऊन बसून राहिले. आई स्वयंपाकघरातून दारात आली. बाबांनी कानस खाली ठेवली. मग म्हणाले, "बापू, वर लावली त तुले घेता…"

"माहीत हाय," सुमेध म्हणाला. "लावा."

मी स्टूल आणलं. बाबा त्यावर चढले. समोरच्या भिंतीवर, छतापासून हातभर खाली, निजल्या निजल्या नीट दिसेल अशा जागी त्यांनी खिळा धरला आणि ठोकला. आयुष्यात पहिल्यांदा तो सरळ गेला. दुसराही सरळ गेला. मी गिटार वर दिली. आता ती कुणी काढणार नव्हतं, म्हणून चिंधी नको होती, फट नको होती. बाबांनी तार घेतली, मानेभोवती दोन वेढे दिले आणि पकडीनं पिळायला लागले. मी दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी होते. खालून सुमेध त्यांना सांगत होता, "घट्ट… अजून घट्ट करा, बाबा."